कावु, ऊब आणि बारा अंडी

मराठीत कोंबडी खुडूक होते, कन्नडात ती ‘काविगे’ बसते. दोन्ही भाषा घरात नांदवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक सहसा जाणवत नाही, पण एकदा लक्षात आला की मजा वाटते. ‘खुडूक’ या शब्दात सगळी कोंबडीच आहे: तिचं अंडी देणं थांबवणं, पिसं फुलवून कोपऱ्यात बसणं, जवळ गेलं की चोच मारणं, म्हणजे तिचा एकूण मूड. ‘कावु’ म्हणजे मात्र नुसती ऊब, धग. तापलेल्या चर्चेलाही कन्नड वर्तमानपत्रं ‘कावेरिद चर्चे’ म्हणतात. मराठीने कोंबडीकडे पाहिलं आणि कन्नडने उबेकडे, असं म्हणायला हरकत नाही. आता कोंबडी बाजूला काढून तिची फक्त ऊबच पेटीत भरायची ठरवली तर काय होतं, त्याची ही हकिगत. अंडी कोंबडीची नव्हती, बदकाची होती. आणि गावही आपलं नव्हे, इंदूर.

बदकाची अंडी म्हटली की पहिली अडचण बदकच असते. अंड्यांसाठी आपल्याकडे पाळली जाणारी एक जात म्हणजे खाकी कॅम्पबेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ती तयार केली. आपल्या घरच्या रनर जातीच्या बदकाचा त्यांनी दुसऱ्या जातींशी संकर केला. ही बदकं चांगली पोसली तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. पण अंडी देण्याची हौस वाढवता वाढवता ती उबवण्याची हौस निघून गेली. अंडं टाकायचं आणि चालू लागायचं. म्हणून खेड्यापाड्यांतून बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची जुनी रीत आहे. आमच्या अव्वाच्या माहेरी, धारवाडजवळच्या खेड्यात, शेजारच्या घरी हेच चालायचं. अव्वा सांगते, की कोंबडीचा हिशेब एकवीस दिवसांचा आणि बदकाचं अंडं मागतं अठ्ठावीस. एखादी कोंबडी चिकाटीने बसून राहायची, एखादी बाविसाव्या दिवशी कंटाळून उठून जायची. आणि पिल्लं निघालीच तर आठवड्याभरात ती डबक्यात उतरायची नि काठावर कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडत फिरायची. ते ओरडणं अव्वाला अजून ऐकू येतं म्हणे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन इंदूरला गेली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. इंदूरच्या मराठी घरांबद्दल इकडे फारसं बोललं जात नाही. होळकरांच्या काळापासून तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली ही माणसं. सकाळी पोहे-जिलबी खातात, घरात मराठी बोलतात आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की ‘भिया’ सुरू. आमच्या भाच्याच्या तोंडी तीन भाषा आहेत आणि तिन्हींची भेळ. मराठी आजीची, हिंदी गल्लीची, आणि कन्नड फोनवरच्या अव्वाची. अंड्याला तो ‘तत्ती’ म्हणतो. बेंगळुरूकडचे लोक ‘मोट्टे’ म्हणतात, पण अव्वा धारवाडची, त्यामुळे याचा शब्द धारवाडी.

२०२३ साली हा भाचा आठवीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. इंदूरजवळ झाबुआ हा कडकनाथ कोंबड्यांचा मुलूख. त्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२२ साली महेंद्रसिंह धोनीने तिथून दोन हजार पिल्लं मागवली तेव्हा त्या भागातल्या पोरांच्या डोक्यात कोंबड्याच कोंबड्या होत्या. याने मात्र बदकं धरली. कारण सिरपूरचा तलाव. इंदूर शहराला लागूनच असलेला हा तलाव आणि तिथलंच यशवंतसागर, दोघांनाही २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत जागा मिळाली. सिरपूरवर तो पक्षी पाहायला जायचा. चोचीवर पिवळा नि लाल रंग मिरवणाऱ्या बदकाला मराठीत ‘हळदी-कुंकू’ म्हणतात हे त्याला आजीने सांगितलं, आणि तिथून वेड लागलं. (इथेच सांगून ठेवते: तलावाकाठच्या रानबदकांची अंडी उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पोरांना हे आधी सांगावं. हौस तिथे सुरू होता कामा नये.) अंडी आणली ती महूकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून. त्याच्या शेततळ्यावर खाकी कॅम्पबेल होती. त्याने बारा अंडी दिली, पैसे घेतले नाहीत, पण एक गोष्ट माझ्या बहिणीने तेव्हाच पक्की करून घेतली, की पिल्लं मोठी झाली की परत त्याच्याकडे जातील. चार खोल्यांच्या घरात बदकं राहत नाहीत. बाकी कशावर तिचा आग्रह नव्हता, यावर होता.

खरा अडसर घरातच होता. बहिणीच्या सासूबाई. त्यांच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही. ‘खायचं नाहीये गं आजी, उबवायचंय’ असं भाच्याने समजावलं, तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे जीव आहे त्यात. मग जास्तच जबाबदारी.’ मला हे उत्तर फार आवडलं. दुकानातलं अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर आपल्याकडे भोजनपंक्तीत वाद रंगतात. मोठ्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यातून कधीच पिल्लू निघत नाही. ते उबवून उपयोग नाही. इथे मात्र पाच-सहा माद्यांमागे एक नर असलेल्या कळपातली अंडी होती. आजींनी अट घातली: पेटी स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको, आणि सुरुवात करायचीच तर चांगला दिवस पाहून. चांगला दिवस समोरच होता. २२ मार्च, पाडवा. इकडे अव्वाने फोनवर ‘युगादि’ म्हणून आशीर्वाद दिला.

पेटी म्हणजे औषधांच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा जाड खोका. झाकणाला काचेची खिडकी. आत ४० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब. एलईडीचा इथे काही उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. आणि जुने पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत. पोराने तीन दुकानं पालथी घातली. दोन बल्ब अशासाठी, की एक रात्री उडाला तर दुसरा तग धरेल. बल्ब थर्माकोलला टेकला तर थर्माकोल वितळतं, पेटही घेऊ शकतं, म्हणून त्याच्याभोवती पत्र्याचा डबा कापून लावला. बल्ब चालू-बंद करायला काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल थर्मोस्टॅट. खाली पाण्याची ताटली, वर जाळी, जाळीवर अंडी.

तापमान हवं ३७.५ अंश. आपल्या अंगापेक्षा जेमतेम अर्धा अंश जास्त, म्हणजे कणकण आल्यासारखं. एवढंच. पण एवढंच टिकवणं किती अवघड! अंडी ठेवण्याआधी दोन दिवस पेटी रिकामी चालवली तेव्हा कळलं, की वरच्या बाजूला ३८ असलं तर जाळीपाशी ३६. गरम हवा वर जाते हे सहावीच्या पुस्तकात असतं, पण पुस्तकातलं पेटीत आलं की पोराला नव्याने कळतं. मग जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढून आत बसवला, तेव्हा सगळीकडे एकसारखी ऊब झाली. थर्मामीटर खरं बोलतो की नाही हे बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिलं, शून्य दाखवतो का. आर्द्रता मोजायचा यंत्राचा खरेपणाही घरात तपासता येतो. ओलसर केलेलं मीठ बाटलीच्या झाकणात ठेवायचं, यंत्राबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं नि काही तासांनी पाहायचं. आकडा ७५ च्या आसपास हवा. भाच्याच्या यंत्राने ६९ दाखवलं. त्याने त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘सहा मिळवा’.

आर्द्रतेचा मुद्दा इंदुरात फार महत्त्वाचा ठरला, आणि त्यासाठी मला थोडं विषयांतर करू द्या. आपल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावजवळ १९२४ मध्ये जन्मले. क्षयाने गाठल्यावर १९४८ साली देवासला जाऊन राहिले, ते माळव्याची कोरडी हवा फुप्फुसांना मानवेल म्हणून. ती हवा त्यांना मानवली, माळव्याची लोकगाणी त्यांच्या गाण्यात आली, आणि १९९२ साली गेले तेही देवासचेच होऊन. इंदूरहून देवास तासाभरावर. तर जी कोरडी हवा आपल्या गवयाला वाचवायला कामी आली, तीच बदकाच्या अंड्याला मारक. बदकाची मादी पाण्यात पोहून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. त्या अंड्याला ५५ ते ६० टक्के ओलावा लागतो आणि शेवटच्या तीन दिवसांत ७० च्या वर. पेटीत पहिल्या दिवशी होता २८. आपल्याकडे आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आपल्याला हे दुःख समजणंच कठीण.

बरं, ताटलीत पाणी भरपूर ओतलं तरी आकडा वाढेना. पाणी किती खोल आहे यावर काही नसतं, हवेला किती पृष्ठभाग लागतो यावर असतं. खोल वाटीऐवजी पसरट ताट ठेवलं आणि त्यात जुन्या पंचाच्या पट्ट्या उभ्या केल्या, तेव्हा ५० पार झालं. त्यातही फसगत झालीच. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. पंचविसाव्या दिवसापर्यंत वजन बारा-चौदा टक्के घटावं, म्हणजे आत पिल्लाला श्वासापुरती हवेची पोकळी तयार होते. जास्त घटलं तर पिल्लू सुकतं, कमी घटलं तर शेवटी पाण्यात गुदमरतं. पोराने स्वयंपाकाच्या काट्यावर प्रत्येक अंडं तोलून वहीत मांडलं होतं. सरासरी ६८ ग्रॅम. सातव्या दिवशी अडीच ग्रॅम कमी व्हायला हवं होतं, झालं होतं चार. यंत्र ५० म्हणत होतं, काटा सांगत होता हवा कोरडी आहे. त्याने काट्यावर विश्वास ठेवला आणि आणखी एक ताट वाढवलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी हिशेब रुळावर आला. मी वर्गात इतिहास शिकवते, दोन साधनं वेगळं बोलू लागली की कोणतं खरं मानायचं हा आमचा रोजचा प्रश्न. विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी दोनदा सांगितलंय.

अंडी फिरवण्याचं काम आजींकडे कसं गेलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून दिवसातून तीन किंवा पाच वेळा ते उलटायचं. विषम संख्या, म्हणजे लांबलचक रात्र रोज त्याच बाजूवर जात नाही. पेनची शाई आत झिरपू शकते, म्हणून शिसपेन्सिलीने खुणा करायच्या. भाच्याने एका बाजूला मराठी ‘अ’ लिहिला आणि दुसऱ्या बाजूला अव्वाने शिकवलेला कन्नड ‘अ’. पहिल्या आठवड्यात तो स्वतः फिरवायचा. मग क्रिकेट सुरू झालं. एके दिवशी तो धावत घरी आला तर सगळी अंडी कन्नड बाजूवर होती आणि आजी हात धुवत होत्या. ‘दुपारचं मी करीन,’ एवढंच म्हणाल्या. त्यानंतर पहाटेचंही त्याच करू लागल्या. दुसऱ्या आठवड्यापासून अंडी दिवसाला दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून गार होऊ द्यायची आणि कोमट पाण्याचा फवारा मारायचा, मादी पाण्यातून आल्यासारखं. त्यासाठी त्यांनी इस्त्रीची पाण्याची बाटली काढून दिली.

सातव्या रात्री दिवे मालवून मोबाईलच्या उजेडावर अंडी धरली. ज्यात जीव धरलेला असतो त्यात लाल कोळ्यासारखं जाळं दिसतं आणि मधे हलणारा ठिपका. बारापैकी नऊ अंड्यांत ते होतं. तीन अगदी कोरी. चौदाव्या दिवशी आणखी एकात जाळं विस्कटून नुसतं रक्ताचं कडं उरलेलं. राहिली आठ. कोरं आणि मेलेलं अंडं पेटीत ठेवू नये, सडून फुटलं तर बाकीच्यांना घातक. ते चौथं अंडं बागेत पुरलं गेलं, तीन कोऱ्यांना तो मान मिळाला नाही.

माळव्याच्या रात्रीची ख्याती जुनी आहे, ‘शबे मालवा’ म्हणतात. दिवस कितीही तापला तरी रात्र गार. कवींना ती प्रिय असेल, पण पेटीला दिवसा एक संकट आणि रात्री दुसरं. दुपारी गच्चीखालच्या खोलीत बल्ब बंद असूनही पारा ३८ कडे सरकू लागला तेव्हा पेटी जिन्याखाली हलवली. थंडीपेक्षा उष्णतेची भीती जास्त असते. अंडं काही तास गार पडलं तर बहुधा सावरतं, ४० च्या पुढे तापलं तर नाही. आणि एकोणिसाव्या रात्री वीज गेली, साडेचार तास. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी. आजींची गोधडी पेटीभोवती गुंडाळली, आत बाजूला गरम पाण्याच्या दोन पिशव्या. पहाटे पारा ३१ वर होता. भाचा रडकुंडीला आलेला. पण उजेडावर धरलं तर आठही हलत होती.

यामागचं कारण आपल्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. बांगलादेशात बदकाची अंडी तुसात उबवतात, भाताच्या तुसात, आणि तिथेही त्याला ‘तूश’च म्हणतात. विजेची गरज नाही. पहिले काही दिवस तूस गरम करून ऊब द्यायची. दोन-सव्वादोन आठवड्यांनंतर अंड्यातला जीव स्वतःच ऊब टाकू लागतो, ती नुसती राखली की पुरते. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवायचे, थर्मामीटरशिवाय. अंडं पापणीला लावून पाहायचं, तिथली कातडी फार जाणती असते. फ्रान्सच्या रेओम्युरने १७४९ साली या विद्येवर थर्मामीटर घेऊन पुस्तक लिहिलं. मी हे फोनवर सांगितल्यावर आजींनी अंडं पापणीला लावलं आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे.’ यंत्र ३७.६ दाखवत होतं.

मी रजा टाकून इंदूरला पोचले ती सव्विसाव्या दिवशी. पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद, झाकण बंद, आर्द्रता ७५. आता फक्त खिडकीतून पाहायचं. १८ एप्रिलला सकाळी कवचांच्या आतून बारीक चिवचिव येऊ लागली आणि एका अंड्याला चांदणीसारखी चीर दिसली. वाटलं तासाभरात पिल्लू बाहेर. कसलं काय! चीर पडल्यावर बदकाचं पिल्लू दिवस-दीड दिवस नुसतं पडून राहतं. आत ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकत असतं, कवचाच्या पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला पिवळा बलक पोटात सामावून घेत असतं. त्या बलकावर ते पुढे दोन दिवस उपाशी राहू शकतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून गावोगाव पाठवण्याचा सगळा धंदा यावरच उभा आहे. काम चाललेलं असतं, दिसत मात्र नाही. १९ ला दुपारी पहिल्याने गोल फिरत कवच कापलं आणि ओलं, चिकट, मान न सावरणारं असं काहीतरी बाहेर पडलं. सुंदर अजिबात नव्हतं. दोन तासांनी वाळून फुललं तेव्हा घरात कुणी जेवायला बसेना.

२० च्या सकाळपर्यंत सहा झाली. एका अंड्याने चीर पाडलीच नाही. आणि सातव्या नंबरच्या अंड्याने पाडली ती भलत्याच टोकाला. हवेची पोकळी रुंद बाजूला असते, याचं तोंड निमुळत्या टोकाकडे होतं. चोच दिसत होती, उघडत-मिटत होती. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या गावातल्या एका पशुवैद्यांचा नंबर बहिणीकडे होता. ते फोनवर म्हणाले, थांबा. पापुद्र्यात अजून रक्त असलं आणि तुम्ही सोलायला गेलात तर रक्तस्रावाने जाईल. पापुद्रा सुकत असेल तर कोमट पाण्याचा बोळा लावा, लाल दिसलं तर हात काढा. भाच्याने बोळा लावला. लाल दिसलं. हात काढला. आजी म्हणाल्या, बाळंतिणीला घाई करू नये. बहीण काही बोलली नाही. रात्री अकराच्या सुमारास चोच हलायची थांबली.

‘मावशी, मी दुपारीच सोडवलं असतं तर?’ त्याने मला विचारलं. बहिणीला नाही, आजीला नाही, मला. कदाचित मी शिकवते म्हणून. मी त्याला सांगितलं, की माहीत नाही. दोन्ही बाजूंनी सांगता येतं, आणि अशा उलट्या पडलेल्या पिल्लांतली काही वाचतात, बरीच नाही. ‘तुझी काही चूक नाही’ असं म्हणणं सोपं होतं, पण त्याला चूक कुणाची हे नको होतं, वाचलं असतं का हे हवं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला ‘माहीत नाही’ हे उत्तर पचत नाही. तो उठून गच्चीवर गेला. सकाळी त्याने न फुटलेलं अंडंही तपासलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं.

उरलेल्या सहांचं मात्र मजेत चाललं. कोन्राड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञामागे हंसाची पिल्लं आई समजून फिरायची, ते काम पुढे १९७३ च्या नोबेलपर्यंत गेलं. इथे सहाही पिल्लांनी आजींची चप्पल आई मानली. आजी देवघराकडे निघाल्या की मागे वरात. ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी: खाली वर्तमानपत्र घालू नका (आमचंसुद्धा!), त्यावर पाय घसरून ते कायमचे फाकतात, जुनी चादर घाला. पाणी चोच बुडेल एवढं खोल हवं, पण पोहायला लगेच सोडू नका. पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांतलं तेल लागलेलं नसतं, ती भिजून गारठतात. पाव घालू नका. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य चालतं, पण बदकांना नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात, तेव्हा पशुवैद्याला विचारून द्या. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. आणि पेटीचा खटाटोप नको असेल तर बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहे, बदकांच्या पैदाशीचं काम तिथे १९८० च्या दशकापासून चालतं. ‘बातुकोळी मरि’ म्हणून चौकशी केली की झालं.

पाच आठवड्यांत जिन्याखाली असा वास सुटला, की शेजारच्यांनी आधी हसत आणि मग न हसता विचारलं. जूनमध्ये शेततळ्यात पाणी आलं तेव्हा सहाही महूला गेली. तोवर आवाजावरून कळलं होतं: माद्या खणखणीत ‘क्वॅक’ करतात, नर घसा बसल्यासारखा बोलतो, पुढे त्याच्या शेपटीचं पीस वळतं. चार माद्या, दोन नर. शेतकरी सरळ माणूस. म्हणाला, माद्या ठेवतो, एक नर ठेवतो, दुसरा जास्त होतोय, तो विकावा लागेल. कशासाठी विकायचा हे त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण गाडीत परत येताना भाच्याने बहिणीला विचारलं आणि तिने खरं ते सांगितलं. आजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घरी पोचल्यावर एकच विचारलं, ‘सगळी राहिली ना तिथे?’ पोरगा म्हणाला, ‘पाच.’

दिवाळीनंतर शेतकऱ्याचा फोन आला. माद्या अंडी देऊ लागल्यात, पहिली बारा पाठवू का? बहिणीने फोन भाच्याकडे दिला. त्याने विचारलं, की यावेळी नर जास्त निघाले तर त्यांचं काय करायचं ते आधी सांगा. शेतकरी म्हणाला, तूच सांग. त्यावर त्यांचं अजून काही ठरलेलं नाही. पेटी जिन्याखाली आहे, पंखा परत कॉम्प्युटरमध्ये बसवलेला नाही, आणि दोन बल्बांपैकी एक आजींनी जपून कपाटात ठेवलाय, कारण तसे आता मिळत नाहीत.